स्वादुपिंड-उच्छेदनोत्तर मधुमेह

स्वादुपिंड शस्त्रक्रियेने पूर्णतः किंवा मोठ्या प्रमाणात काढून टाकल्यानंतर उद्भवणाऱ्या मधुमेहास स्वादुपिंड-उच्छेदनोत्तर मधुमेह असे म्हणतात. दीर्घकालीन स्वादुपिंडदाहातील असह्य वेदना, स्वादुपिंडातील अर्बुदे आणि क्वचित अपघाती इजा ही अशा शस्त्रक्रियेची प्रमुख कारणे होत. मधुमेहाच्या प्रचलित वर्गीकरणात हा विकार ‘प्रकार ३सी’ या गटात, म्हणजे स्वादुपिंडाच्या आजारांमुळे होणाऱ्या मधुमेहात, मोडतो. यात इन्सुलिनबरोबर ग्लुकागॉन हे विरुद्ध कार्याचे संप्रेरकही नाहीसे होते आणि अन्न पचविणारे विकरही मिळेनासे होतात. त्यामुळे रक्तातील साखर वाढण्याइतकाच ती एकाएकी उतरण्याचा धोका असतो. ‘गोड बंद करा, तेल-तूप सोडा, एक वेळ उपाशी राहा’ हा मधुमेही व्यक्तीला सर्रास दिला जाणारा सल्ला या रुग्णांना अपायकारक ठरू शकतो.

प्रस्तुत लेखात या विकाराचे सर्वसाधारण विवेचन केले असून दैनंदिन व्यवस्थापनाची उदाहरणे प्रामुख्याने जळगाव व धुळे जिल्ह्यांतील, म्हणजेच खानदेशातील, आहार, हवामान आणि वैद्यकीय सोयी यांच्या संदर्भात दिली आहेत.

स्वादुपिंडाचे दुहेरी कार्य

स्वादुपिंड ही जठराच्या मागे आडवी असलेली, सुमारे १५ सेंटिमीटर लांबीची ग्रंथी होय. मराठी वैद्यकीय लेखनात तिला ‘अग्निपिंड’ असेही म्हटलेले आढळते आणि तिच्या पाचक कार्याच्या दृष्टीने ते नाव अधिक समर्पक आहे. ग्रंथीचा बहुतांश भाग पाचक रस तयार करतो. या रसातील अमायलेज हे विकर पिष्टमय पदार्थांचे, लायपेज स्निग्ध पदार्थांचे व ट्रिप्सिनादी विकर प्रथिनांचे पचन करतात. उरलेल्या जेमतेम एक-दोन टक्के भागात पेशींची बेटे विखुरलेली असतात. पॉल लँगरहान्स या जर्मन वैद्यकीय विद्यार्थ्याने १८६९ मध्ये आपल्या प्रबंधात त्यांचे प्रथम वर्णन केले म्हणून ती लँगरहान्सची द्वीपके या नावाने ओळखली जातात.

द्वीपकांतील बीटा पेशी इन्सुलिन स्रवतात. इन्सुलिनमुळे रक्तातील साखर पेशींत शिरते आणि रक्तातील तिची पातळी उतरते. अल्फा पेशींतून स्रवणारे ग्लुकागॉन याच्या उलट काम करते: साखर फार उतरू लागली की ते यकृतातील साठा मोकळा करते. निरोगी शरीरात या दोहोंचा समतोल अहोरात्र राखला जातो. स्वादुपिंड काढल्यावर दोन्ही बाजू एकदम नष्ट होतात.

स्वादुपिंड आणि मधुमेह यांचा संबंध १८८९ मध्ये स्ट्रासबर्ग येथे ओस्कार मिंकोव्स्की आणि योझेफ फॉन मेरिंग यांनी उघड केला. त्यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढले असता त्याला तीव्र मधुमेह झाला. पुढे १९२१ मध्ये टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे केले आणि जानेवारी १९२२ मध्ये ते प्रथमच एका १४ वर्षांच्या मुलाला टोचण्यात आले. मधुमेहाचा सारा आधुनिक इतिहास अशा रीतीने स्वादुपिंड काढलेल्या प्राण्यापासूनच सुरू होतो. माणसाच्या बाबतीत मात्र ही शस्त्रक्रिया व्यवहार्य ठरण्यासाठी इन्सुलिनचा शोध लागावा लागला.

दीर्घकालीन स्वादुपिंडदाह

या विकारात स्वादुपिंडाला वारंवार सूज येऊन त्याच्या जागी हळूहळू तंतुमय ऊती तयार होते, नलिकेत चुनखडीसारखे खडे साचतात आणि बेंबीच्या वर सुरू होऊन पाठीत जाणाऱ्या वेदना रुग्णाला ग्रासतात. वेदना जेवणानंतर वाढत असल्याने रुग्ण जेवणच टाळू लागतो. अहिराणीत ‘पोटमा दुखस’ एवढ्याच शब्दांत सांगितली जाणारी ही तक्रार बरीच वर्षे आम्लपित्त म्हणून काढली जाण्याची शक्यता असते. पोटाच्या साध्या क्ष-किरण चित्रात किंवा सोनोग्राफीत खडे दिसले म्हणजे निदानाची दिशा स्पष्ट होते.

मद्यपान व धूम्रपान ही या रोगाची ठळक कारणे आहेत. परंतु प्रत्येक रुग्ण मद्यपी असतो हा समज चुकीचा असून त्यामुळे अनेक रुग्णांवर, विशेषतः तरुण स्त्रियांवर, विनाकारण संशयाची छाया पडते. भारतातील ३२ केंद्रांतून एकत्र केलेल्या १,०८६ रुग्णांच्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे ६० टक्के रुग्णांत कोणतेही निश्चित कारण आढळले नाही. मद्यपानाशी संबंधित रुग्ण सुमारे ३९ टक्के होते. कारण न सापडलेल्या अनेक भारतीय रुग्णांत स्पिंक-१ या जनुकातील बदल आढळतो. हे जनुक स्वादुपिंडातच अकाली जागे होणाऱ्या ट्रिप्सिनला आवर घालणारे प्रथिन बनवते. हा आवर ढिला पडला तर ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते.

उष्ण कटिबंधातील देशांत मद्यपान न करणाऱ्या तरुणांत दिसणाऱ्या या रोगाचे एक रूप पूर्वी ‘उष्णकटिबंधीय स्वादुपिंडदाह’ या नावाने वेगळे मानले जाई. १९५९ मध्ये झाउडेमा यांनी इंडोनेशियातून आणि पुढच्या दशकात पी. जे. गीवर्गीस यांनी केरळातून त्याची सविस्तर वर्णने केली. महाराष्ट्रात पुण्याच्या केईएम रुग्णालयात चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांच्या स्वादुपिंडाची पाचक व संप्रेरक अशी दोन्ही कार्ये मोजली. या मधुमेहात साखर फार वाढूनही रक्तात कीटोन द्रव्ये तुलनेने कमी का साचतात, या प्रश्नाचाही त्यांनी १९९० च्या सुमारास अभ्यास केला. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये या मधुमेहाला कुपोषणजन्य मधुमेहाच्या गटात ठेवले होते. १९९९ च्या वर्गीकरणात तो गट रद्द करून त्याची गणना स्वादुपिंडाच्या आजारांत करण्यात आली.

केरळात हा रोग अधिक आढळल्यामुळे नीट प्रक्रिया न केलेल्या टॅपिओका कंदातील सायनाइडजन्य द्रव्यांवर एकेकाळी संशय घेतला गेला. ते कारण सिद्ध झालेले नाही. महाराष्ट्रात उपवासाला खाल्ला जाणारा साबुदाणा याच कंदाच्या पिठापासून बनतो, म्हणून ही शंका अधूनमधून येथेही डोके वर काढते. साबुदाण्याने स्वादुपिंडदाह होतो असे म्हणण्यास आधार नाही. त्याचा मधुमेहाशी असलेला संबंध वेगळा असून तो पुढे उपवासाच्या संदर्भात दिला आहे.

शस्त्रक्रिया

स्वादुपिंड काढणे हा या रोगावरील पहिला उपाय नव्हे. वेदनाशामके, विकरांच्या गोळ्या, मद्य व तंबाखूचा पूर्ण त्याग, दुर्बिणीद्वारे नलिकेतील खडे काढणे आणि नलिका लहान आतड्याला जोडून रसाला वाट करून देणे हे मार्ग आधी अवलंबिले जातात. भारतात नलिका-आतडे जोडणी आणि ग्रंथीच्या डोक्याचा काही भाग कोरून काढणारी फ्राय यांची शस्त्रक्रिया या अधिक प्रचलित आहेत. पूर्ण ग्रंथी काढण्याचा निर्णय त्या मानाने विरळा. या शस्त्रक्रियेत लहान आतड्याचा आरंभीचा भाग (आद्यांत्र), पित्ताशय आणि पुष्कळदा प्लीहाही काढावी लागते. वेदनांपासून बहुतेकांना आराम मिळतो, तरी काहींच्या वेदना शिल्लक राहतात. दीर्घकाळच्या दुखण्याने मज्जासंस्थेतच घर केलेले असते.

काढलेल्या ग्रंथीतून द्वीपके वेगळी करून ती त्याच रुग्णाच्या यकृताकडे जाणाऱ्या प्रवेशिका नीलेत सोडण्याचा प्रयोग १९७७ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात प्रथम करण्यात आला. पेशी रुग्णाच्या स्वतःच्याच असल्याने शरीर त्यांना नाकारत नाही. अशा रुग्णांपैकी साधारण एकतृतीयांश रुग्णांना इन्सुलिन घ्यावे लागत नाही आणि आणखी एकतृतीयांशांत द्वीपके अंशतः काम करून साखर आटोक्यात ठेवण्यास मदत करतात. ग्रंथी आधीच खड्यांनी व तंतूंनी भरलेली असेल तर हाती येणारी द्वीपके थोडी असतात. भारतात ही सोय मोजक्याच केंद्रांत आहे.

मधुमेहाचे स्वरूप

पूर्ण उच्छेदनानंतर मधुमेह होतो की नाही हा प्रश्नच उरत नाही. तो शस्त्रक्रियेच्या टेबलावरच सुरू होतो आणि इन्सुलिन आजन्म घ्यावे लागते. अर्धवट उच्छेदनानंतर मात्र तो काही महिन्यांनी किंवा वर्षांनीही येऊ शकतो, म्हणून अशा रुग्णांची साखर नियमित तपासावी लागते.

या मधुमेहाला वैद्यक ‘अस्थिर मधुमेह’ म्हणते. इन्सुलिनची एकूण गरज बहुधा बेताचीच असते, कारण स्नायू व मेद यांच्या पेशी इन्सुलिनला चांगला प्रतिसाद देतात. नेमके यामुळेच दोन-चार एकक जास्त झाले तरी साखर झपाट्याने उतरते. तिला वर खेचणारे ग्लुकागॉन नसल्याने सावरायला शरीराकडे ॲड्रिनलिनसारखी दुय्यम साधने तेवढी उरतात, आणि साखर वारंवार उतरत राहिली तर तीही बोथट होतात. मग घाम, कंप, धडधड ही धोक्याची लक्षणे न जाणवताच रुग्णाची शुद्ध हरपू शकते. कीटोन द्रव्ये साचून होणारी आम्लता ग्लुकागॉनअभावी तुलनेने कमी आढळते, पण इन्सुलिन पूर्ण बंद केल्यास तीही होते आणि प्राणावर बेतते. जेवण झाले नाही, उलट्या होत आहेत किंवा ताप आहे म्हणून दीर्घ परिणामी इन्सुलिन बंद करणे यासाठीच निषिद्ध मानले जाते.

उपचाराची सामान्य पद्धत अशी: दिवसातून एकदा किंवा दोनदा दीर्घ परिणामी इन्सुलिन, आणि प्रत्येक जेवणापूर्वी त्या जेवणातील कर्बोदकांच्या हिशेबाने अल्प परिणामी इन्सुलिन. एचबीए१सी ही तीन महिन्यांच्या सरासरीची चाचणी उपयुक्त आहे, परंतु वरखाली हेलकावे घेणाऱ्या साखरेची सरासरी दिसायला छान दिसू शकते. म्हणून बोटाच्या थेंबाची तपासणी दिवसातून अनेकदा करावी लागते. दंडावर चिकटवायचा सतत मोजणी करणारा संवेदक परवडल्यास तो या रुग्णांना विशेष लाभदायक ठरतो.

भारतातील एक धोका येथे नोंदविणे आवश्यक आहे. देशात इन्सुलिनच्या कुप्या दर मिलिलिटरला ४० एकक आणि १०० एकक अशा दोन तीव्रतांच्या मिळतात. पहिलीसाठी लाल टोपणाची व दुसरीसाठी नारिंगी टोपणाची सिरिंज असते. १०० एककांची कुपी लाल टोपणाच्या सिरिंजने भरल्यास त्याच खुणेवर अडीच पट इन्सुलिन शरीरात जाते. साध्या मधुमेहातही ही चूक गंभीर असते. स्वादुपिंड नसलेल्या व्यक्तीत ती प्राणघातक होऊ शकते.

विकर आणि इन्सुलिन यांची सांगड

या विकाराच्या व्यवस्थापनातील सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे. रुग्णाला इन्सुलिन लिहून देणारा तज्ज्ञ आणि विकरांच्या कॅप्सूल लिहून देणारा तज्ज्ञ बहुधा वेगळे असतात, पण रुग्णाच्या ताटात ही दोन्ही औषधे एकमेकांवर अवलंबून असतात.

समजा रुग्णाने दोन भाकरींच्या हिशेबाने इन्सुलिन टोचले आणि कॅप्सूल घ्यायला तो विसरला. भाकरीतील पिष्ट नीट न पचता पुढे सरकते, अपेक्षित साखर रक्तात येत नाही आणि इन्सुलिन मात्र आपले काम करीतच राहते. परिणामी जेवूनही साखर उतरते. याउलट, वर्षानुवर्षे अपचनात काढलेल्या रुग्णाला विकर पुरेशा मात्रेत सुरू केले की अन्न अंगी लागू लागते, वजन वाढते आणि साखरही वाढते. अशा वेळी कॅप्सूलमुळे ‘शुगर वाढली’ म्हणून ती बंद करण्याची चूक घडू शकते. वास्तविक तेव्हा वाढवायचे असते ते इन्सुलिन.

विकरांची मात्रा लायपेजच्या एककांत मोजतात. प्रौढ व्यक्तीला मुख्य जेवणासोबत सुमारे ४०,००० ते ५०,००० एकक आणि मधल्या खाण्यासोबत साधारण त्याच्या निम्मे असे आरंभीचे प्रमाण असते, गरजेनुसार ते वाढवितात. कॅप्सूल उपाशीपोटी किंवा जेवणानंतर तासाभराने घेतल्यास व्यर्थ जाते. पहिल्या घासासोबत एक व जेवणाच्या मध्यावर दुसरी, असे घेणे इष्ट. आतील दाण्यांवर आम्लापासून संरक्षण करणारे वेष्टन असते, म्हणून ते चावू नयेत आणि गरम वरणात किंवा दुधात मिसळू नयेत. मात्रा अपुरी असल्याची खूण शौचात दिसते: मळ फिकट, तेलकट, दुर्गंधीयुक्त व भांड्याला चिकटणारा असतो.

या कॅप्सूलमधील विकर डुकराच्या स्वादुपिंडापासून मिळवलेले असतात. शाकाहारी, जैन व मुस्लीम रुग्णांना हे आधीच सांगणे उचित होय. न सांगितल्यास नंतर कळल्यावर रुग्ण औषध मुकाट्याने सोडून देण्याची शक्यता असते, आणि मग कारण कोणालाच समजत नाही. बुरशीपासून बनविलेले विकर बाजारात आहेत, परंतु त्यांचा परिणाम तुलनेने कमी पडतो. अनेक मुस्लीम धर्मशास्त्रज्ञांनी पर्याय नसताना औषध म्हणून अशा द्रव्यांना मुभा दिली आहे.

आहार

पूर्वी अशा रुग्णांना स्निग्ध पदार्थ जवळजवळ वर्ज्य करीत. आता तसे सांगितले जात नाही. आधीच कृश झालेल्या शरीराला उष्मांक हवे असतात, म्हणून पुरेसे विकर घेऊन रोजचे घरचे अन्न थोडे थोडे, पाच-सहा वेळा खावे असा आधुनिक सल्ला आहे. अति तंतुमय आहार मात्र विकरांच्या कामात अडथळा आणतो. मधुमेहींना सर्रास सुचविला जाणारा कोंडा येथे लाभाचा नाही.

खानदेशी ताटाचा या दृष्टीने विचार केला तर ज्वारी-बाजरीची भाकरी आणि ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी हे मोजायला सोपे पदार्थ आहेत. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारणतः ७० ग्रॅम कर्बोदके असतात. घरातील भाकरी नेहमी एकाच मापाच्या पिठाची असेल तर इन्सुलिनचा हिशेब बसविता येतो. उडदामुळे कळण्याच्या भाकरीत प्रथिनांची भर पडते. तेलाची तर्री असलेली शेवभाजी, तुपात घोळलेली वरण-बट्टी आणि हिवाळ्यात शेतात होणाऱ्या भरीत-पार्ट्यांतील तेलदार भरीत यांसाठी विकरांची मात्रा नेहमीपेक्षा अधिक लागते. स्निग्ध जेवणात साखर उशिरा चढते, ही बाबही इन्सुलिनची वेळ ठरविताना ध्यानात घ्यावी लागते. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, केले जाणारे खापरावरचे मांडे व आमरस हे दोन्ही साखरेचे साठे आहेत. तरीही ते एका मर्यादेत, मोजून व त्यानुसार इन्सुलिन घेऊन खाता येतात. श्रावणातील कानबाईच्या रोटांनाही हाच नियम लागू पडतो.

जळगावच्या केळ्याविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. मध्यम आकाराच्या एका केळ्यात सुमारे २५ ते ३० ग्रॅम कर्बोदके असतात. पिकत जाताना त्यातील पिष्टाचे रूपांतर साध्या शर्करांत होते आणि या शर्करा पचायला स्वादुपिंडाच्या विकरांची जरूर पडत नाही. त्यामुळे पूर्ण पिकलेले केळे या रुग्णाची साखर लवकर चढविते आणि कच्च्या केळ्याची भाजी विकरांशिवाय नीट पचत नाही. ज्याच्या शेतात केळीची बाग आहे त्याला केळे वर्ज्य सांगून उपयोग नसतो. अर्धे केळे किती इन्सुलिन मागते हे त्याने स्वतः तपासून ठरवावे, हाच व्यवहार्य मार्ग.

मद्य मात्र पूर्णतः वर्ज्य आहे, मग ते दुकानातले असो वा सातपुड्याच्या पट्ट्यातील मोहाचे. स्वादुपिंड नाही म्हणजे आता बिघडायला काही उरले नाही, असा समज करून घेणे घातक आहे. मद्य यकृताला नवी साखर बनवू देत नाही. ग्लुकागॉन नसलेल्या शरीरात रात्री घेतलेल्या मद्यानंतर पहाटे साखर उतरून मृत्यू ओढवू शकतो, आणि भोवतालच्यांना तो माणूस केवळ नशेत झोपलेला वाटतो.

उपवास

एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र आणि रमजानचे रोजे या सर्वांच्या बाबतीत या रुग्णांचा धोका सर्वाधिक गटातला आहे. निर्जळी उपवास करू नये. फराळाचा उपवास करावयाचा झाल्यास तो आहारातील बदल समजावा. साबुदाणा हा जवळजवळ शुद्ध पिष्ट असल्याने खिचडीच्या लहानशा ताटलीतही साखर भरपूर असते आणि शेंगदाण्याचे कूट व तूप यांमुळे विकरांचीही गरज पडते. ‘उपास आहे म्हणून औषध नको’ या विचाराने इन्सुलिन व कॅप्सूल दोन्ही टाळून खिचडी खाणे सर्वाधिक अपायकारक होय. वरई किंवा राजगिरा यांत साबुदाण्यापेक्षा प्रथिने अधिक असतात, परंतु त्यांचाही हिशेब करावाच लागतो.

साखर उतरल्यास

रक्तशर्करा ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेल्यास उपचार लगेच करावा. ५४ च्या खालची पातळी गंभीर मानतात. १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा मोजावे आणि साखर कमीच असल्यास तेवढीच मात्रा पुन्हा घ्यावी.

अशा वेळी घरोघरी बिस्किट, पेढा किंवा दूध पुढे केले जाते. स्वादुपिंड नसलेल्या व्यक्तीला त्यांचा तातडीने उपयोग होत नाही. बिस्किटातील पिष्ट पचायला अमायलेज लागते आणि पेढ्यातील स्निग्धांश जठर रिकामे होणे लांबवितो. साधी साखर मात्र लहान आतड्याच्या अस्तरातील विकरांनीच फुटते, तिला स्वादुपिंडाची जरूर नसते. ग्लुकोजला तेवढीही पायरी लागत नाही. खिशात ग्लुकोजची पुडी असणे म्हणूनच मोलाचे. साखर सावरल्यावर पुढचे जेवण लांब असेल तर थोडे खाणे कॅप्सूलसह घ्यावे. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही घालू नये. अशा वेळी ग्लुकागॉनचे इंजेक्शन किंवा शिरेतून ग्लुकोज हाच उपाय असतो. कृश रुग्णाच्या यकृतात साठा कमी असल्याने ग्लुकागॉनचा परिणाम अपुरा पडू शकतो, म्हणून रुग्णालयात नेण्यास विलंब करू नये.

उन्हाळा आणि इन्सुलिनची साठवण

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. वापरात असलेली कुपी किंवा पेन साधारण २५ ते ३० अंशांपर्यंत सुमारे चार आठवडे टिकते. जळगाव-भुसावळ भागात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि पत्र्याच्या घरात आतले तापमान त्याहूनही अधिक असू शकते. अशा ठिकाणी उघड्यावर ठेवलेले इन्सुलिन दिसायला तसेच राहते, पण त्याची शक्ती घटते. मात्रा न बदलता साखर वाढू लागली तर या शक्यतेचा विचार आधी करावा.

शीतकपाट नसल्यास किंवा वीज तासन्‌तास जात असल्यास पाझरणाऱ्या मातीच्या माठाचा उपयोग होतो. मोठ्या भांड्यात ओली वाळू, त्यात लहान मडके आणि मडक्यात कोरड्या डब्यात कुपी, अशी रचना केल्यास बाष्पीभवनामुळे आतील तापमान बाहेरच्यापेक्षा बरेच कमी राहते. शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात मात्र इन्सुलिन ठेवू नये. एकदा गोठलेले इन्सुलिन निकामी होते.

उष्णतेचा दुसरा परिणाम शरीरावर होतो. तापलेल्या त्वचेतून इन्सुलिन वेगाने शोषले जाते. कापूस वेचणी, केळीचे घड वाहणे किंवा उन्हातले बांधकाम अशा श्रमांनी स्नायू साखर अधिक वापरतात. ज्या दिवशी शेतात जायचे त्या दिवशीची मात्रा आणि सुट्टीच्या दिवसाची मात्रा एकच ठेवता येत नाही.

इतर देखभाल

स्निग्ध पदार्थांच्या अपचनामुळे ‘अ’, ‘ड’, ‘ई’ व ‘के’ ही मेदविद्राव्य जीवनसत्त्वे कमी पडतात. रातांधळेपणा, हाडांचा ठिसूळपणा आणि सहज रक्तस्राव ही त्यांच्या उणिवेची लक्षणे होत. ब-१२ ची पातळीही तपासावी लागते. डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे, पावलांच्या संवेदना यांची वार्षिक तपासणी इतर मधुमेहींप्रमाणेच करावी. प्लीहा काढलेली असल्यास न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस व हिमोफिलस या जिवाणूंविरुद्धच्या लसी आणि दरवर्षी इन्फ्लुएन्झाची लस घ्यावी. अशा व्यक्तीचा थंडी वाजून आलेला ताप अंगावर काढू नये.

खानदेशातील उपचारसुविधा व खर्च

धुळे येथे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असून जळगाव येथे २०१८ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. मधुमेहाचा पाठपुरावा, संसर्ग, साखर उतरण्याची आणीबाणी यांवरील उपचार जिल्ह्यातच होऊ शकतात. पूर्ण उच्छेदनासारखी गुंतागुंतीची शस्त्रक्रिया मात्र अशी कामे सातत्याने करणाऱ्या मोठ्या केंद्रांत व्हावी हे श्रेयस्कर मानले जाते. त्यासाठी मुंबई, पुणे यांसारखी शहरे गाठावी लागतात. जळगाव ते मुंबई हे अंतर रेल्वेने ४०० किलोमीटरहून अधिक आहे. शस्त्रक्रिया करणारा वैद्य दूर आणि रोजची साखर सांभाळणारा वैद्य गावात, अशी विभागणी त्यातून होते. पहिल्याने नेमके काय काढले व काय ठेवले, हे दुसऱ्याला रुग्णाच्या सांगण्यावरूनच समजण्याची वेळ येऊ नये म्हणून शस्त्रक्रियेचा तपशीलवार अहवाल रुग्णाजवळ असणे अगत्याचे आहे.

जुलै २०१२ मध्ये सुरू झालेल्या राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेच्या पहिल्या टप्प्यातील आठ जिल्ह्यांत धुळ्याचा समावेश होता. उर्वरित जिल्ह्यांत ती २०१३ मध्ये लागू झाली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने ओळखली जाते आणि पुढे तिचे संरक्षण प्रतिकुटुंब प्रतिवर्ष ५ लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आले. अशा योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहेत. शस्त्रक्रियेनंतर रोज लागणाऱ्या वस्तू, म्हणजे विकरांच्या कॅप्सूल, तपासणीच्या पट्ट्या, सुया, यांचा खर्च पुष्कळ अंशी कुटुंबावरच पडतो. त्यांत कॅप्सूलचा वाटा मोठा असतो. दिवसाला तीन जेवणे व दोन-तीन अल्पोपहार धरले तर दीड ते दोन लाख एकक लायपेज लागते. पैशांची ओढाताण झाली की इन्सुलिन चालू ठेवून कॅप्सूल निम्म्यावर आणण्याकडे कल होतो. वर सांगितलेल्या सांगडीमुळे ही काटकसर साखर उतरण्याच्या रूपाने अंगावर येते. मात्रा कमी करण्यावाचून गत्यंतर नसेल तर ते इन्सुलिन ठरविणाऱ्या वैद्याला सांगणे आवश्यक आहे, म्हणजे इन्सुलिनही त्या प्रमाणात बदलता येते.

रुग्णाने जवळ बाळगावयाच्या ओळखपत्रावर मराठीत पुढील मजकूर असावा असे सुचविले जाते: स्वादुपिंड काढलेले आहे, मधुमेह इन्सुलिनवर अवलंबून आहे, बेशुद्ध आढळल्यास प्रथम रक्तशर्करा तपासावी, इन्सुलिन पूर्णतः बंद करू नये, प्लीहा काढलेली आहे किंवा नाही, आणि घरच्या एका व्यक्तीचा दूरध्वनी क्रमांक.